आजोबांना ‘नर्व्हस’ झालं होतं, म्हणजे नेमकं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबा पुसद तालुक्यातल्या एका खेड्यात हेडमास्तर होते. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत १९४० ते १९६० च्या दरम्यानचे अमेरिकन वृत्तसाप्ताहिकांचे पंधरा-वीस अंक, काही मराठी मासिकं, १९५३ सालच्या रजेच्या अर्जाची नक्कल आणि अर्धं लेबल फाटलेली एक तपकिरी बाटली सापडली. अर्जात कारण लिहिलंय ‘नर्व्हस डेबिलिटी’. आजी सांगायची, सहा महिने ते कोणाशी बोलले नव्हते. साप्ताहिकांतही जागोजागी ‘नर्व्ह्ज’, ‘नर्व्हस ब्रेकडाउन’, ‘नर्व्हस एक्झॉशन’. हा कोणता आजार होता, तो आता कुठं गेला, आणि (हे तुम्ही शेवटच्या ओळीत जाता जाता विचारलंय) तो घरात पुढं उतरतो का?

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मी एकतीस वर्षं दवाखाना चालवतो, मानसोपचाराची पदविका घेऊन. जुन्या अंकांचा नाद मलाही आहे, त्यामुळं उत्तर जरा लांबेल.

आधी नेमकं सांगतो. त्या नावाचा एक ठरावीक आजार नव्हता. उदासीनता, भीतीचे झटके, दारू, थायरॉईड, लपलेला क्षय, कधी नुसतं अतिश्रमानं खचणं, हे सगळं त्या एका शब्दाखाली जायचं. ‘वेडा’ न म्हणता माणसाला आजारी म्हणण्याची ती सोय होती. दोष मनात नाही, तारेत (म्हणजे नर्व्हमध्ये, मेंदूपासून अंगभर जाणाऱ्या तंतूंत) आहे, एवढंच तो शब्द सांगायचा. म्हणून जुन्या अंकात तो दिसला की आजार कोणता हे शोधण्याआधी हा शब्द कोणाला मिळाला आणि कोणाला नाही, हे बघायचं.

तुम्ही ‘नर्व्हस’ला मराठी शब्द विचारलात, तिथंच पहिली गंमत आहे. आपल्याकडं स्नायू म्हणजे मांसपेशी. हिंदीत आणि बंगालीत ‘स्नायु’ म्हणजे नर्व्ह. १९५३ साली विदर्भ मध्य प्रदेशात होता, हिंदी आणि मराठी दोन्ही राज्यभाषा होत्या, आणि हिंदी नियतकालिकं घरात येत. ‘स्नायु-दुर्बलता’ची हिंदी जाहिरात वाचून कितीतरी मराठी माणसांनी ती दंड-मांड्यांची कमजोरी समजून टॉनिक घेतलं असेल. हसू नका, ग्रीकांचीही हीच गत होती. त्यांच्या ‘न्यूरॉन’चा मूळ अर्थ कंडरा, धनुष्याची दोरी. आयुर्वेदातला स्नायू त्याच अर्थाजवळचा. दोरी आणि तार यांच्यात जगभर गोंधळ झालाय. मराठीनं मग ‘ज्ञानतंतू’ घडवला, ‘मज्जातंतू’ घडवला. पण मज्जा म्हणजे मूळची हाडातली मज्जा, आयुर्वेदातल्या सात धातूंपैकी एक. आता शाळेच्या पुस्तकात ‘चेतातंतू’ आहे, आणि माझ्या पिढीला तो अजून जिभेवर बसत नाही.

खेड्यात यातलं काहीच नाही. खेड्यात ‘नस’ आहे. रक्तवाहिनी नस, कंडरा नस, चेतातंतूही नस. ‘नस चढली’, ‘नस दबली’, ‘डोक्शातली नस तडतडते’. एक बाई तीन वर्षं दर महिन्याला येऊन सांगायच्या, ‘‘साहेब, माह्या डोक्शात मुंग्या चालतेत, नस कमजोर झाली वाट्टे, ताकदीची सुई द्या.’’ सुई म्हणजे बी-बाराची लाल सुई. रंग लाल असल्यामुळं रक्त वाढतं अशी श्रद्धा. मीही सुरुवातीची दोन वर्षं देत राहिलो, हे कबूल करतो. सोयाबीन दोनदा बुडालं होतं आणि नवरा बोलत नव्हता, हे विचारायला मला तिसरं वर्ष लागलं.

आता अंकांकडं येऊ. या भाषेचा जनक एक न्यूयॉर्कचा डॉक्टर मानला जातो, जॉर्ज बिअर्ड. १८६९ साली त्यानं ‘न्यूरास्थेनिया’ हा शब्द चालता केला. अर्थ, नर्व्हची शक्ती संपणं. १८८१ साली त्याचं अमेरिकन माणसाच्या नर्व्हसपणावरचं पुस्तक आलं. माणसाच्या अंगात नर्व्हशक्तीचा साठा ठरावीक असतो, आणि एडिसनच्या विजेच्या मंडलात जास्तीचे दिवे जोडत गेलं की सगळेच मंद होतात, तसं माणसाचं होतं, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडं हे समजावून सांगावं लागत नाही. रब्बीत एका डीपीवर (विजेच्या रोहित्रावर) पाण्याच्या चाळीस मोटारी लागल्या की काय होतं, ते प्रत्येक शेतकरी जाणतो. आधी दिवे मिणमिणतात, मग मोटार घरघरते, मग डीपीच जळते. ‘ब्रेकडाउन’ हा शब्दही माणसाच्या आधी यंत्राचाच. आजही लाइनमन आणि एसटीचा ड्रायव्हर तो रोज वापरतात.

बिअर्डनं या आजाराची कारणं म्हणून आधुनिक जगातल्या पाच गोष्टी दिल्या: वाफेची शक्ती, तारायंत्र, विज्ञानं, स्त्रियांचं बौद्धिक काम (हे त्या काळाचं शहाणपण) आणि नियतकालिकं! म्हणजे ज्या अंकांत तुम्ही ‘नर्व्ह्ज’ वाचताय, त्यांच्या जातीवरच हा आजार पसरवल्याचा पहिला आरोप. पुढं नियतकालिकांनी हा आरोप मोठ्या आनंदानं विकला. वाचकाला तू फार वाचतोस, फार विचार करतोस, म्हणून थकलास असं सांगितलं की त्याला वाईट वाटत नाही.

बिअर्डच्या मते हा आजार बुद्धीनं काम करणाऱ्यांचा. वकील, व्यापारी, शिक्षक. नांगर हाकणाऱ्याच्या नर्व्ह त्यानं हिशेबात धरल्या नाहीत. गोऱ्या साहेबांनी पुढं ‘उष्ण कटिबंधातला न्यूरास्थेनिया’ नावाची शाखा काढली, म्हणजे हिंदुस्थानच्या उन्हानं थकलेला अधिकारी. त्याला थंड हवेची रजा मिळायची. आपल्या भागात ती हवा चिखलदऱ्याची. त्याच उन्हात सरकी पेरणाऱ्याला काय व्हायचं, त्याला नाव नव्हतं. तो एक तर ‘बाहेरचं लागलेला’ असायचा, नाही तर ‘नागपूरले नेला’ असायचा. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ पासूनचं, आणि आमच्याकडं शहराचं नावच कित्येक दशकं त्या अर्थानं वापरलं गेलं.

पहिल्या महायुद्धात ही प्रतवारी लष्करानं लेखी करून टाकली. तोफांच्या माऱ्यात कोलमडलेल्या सैनिकांबद्दल ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं आणि ‘शेल शॉक’ हा शब्द सगळीकडं गेला. पण वॉर्डात अधिकाऱ्याला साधारणपणे ‘न्यूरास्थेनिया’ आणि साध्या शिपायाला ‘हिस्टेरिया’ असं निदान मिळायचं. खंदक एकच, लक्षणं बरीचशी सारखी. पुढं ब्रिटिश लष्करानं कागदावर ‘अजून निदान न झालेला, नर्व्हस’ असा शेराच सुरू केला. प्रामाणिकपणात तो मला सगळ्यात आवडतो. आमच्या निम्म्या केसपेपरवर तो आजही चालेल.

‘टाइम’ १९२३ साली निघालं, ‘न्यूजवीक’ १९३३ साली. १९३५ साली ‘फॉर्च्युन’ या धंदेवाल्यांच्या मासिकानं ‘नर्व्हस ब्रेकडाउन’वर मोठा लेखच छापला. कोसळणारा माणूस तोवर कारखानदारांच्या चिंतेचा विषय झाला होता. तुमचे अंक यानंतरचे. त्यातल्या दोन गोष्टी उलगडून सांगतो, कारण पेटीतल्या वर्षांत त्या नक्की येतात.

पहिली, ऑगस्ट १९४३, दुसरं महायुद्ध, इटलीतलं सिसिली बेट. अमेरिकन सेनापती जॉर्ज पॅटन यांनी लष्करी इस्पितळांत आठवडाभराच्या अंतरानं दोन सैनिकांना थापड मारली. दुसऱ्यानं ‘काय झालंय’ या प्रश्नाला उत्तर दिलं होतं की माझ्या नर्व्ह्ज. नोव्हेंबरमध्ये बातमी फुटली आणि देशभर वाद झाला: नर्व्ह्ज हा आजार की भ्याडपणा? पहिल्या सैनिकाच्या कागदावरही मनाच्या विकाराचंच निदान होतं. नंतर तपासलं तेव्हा त्याला १०२ च्या वर ताप होता, हगवण होती आणि रक्तात मलेरिया निघाला. हा तपशील मी माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगतो. ‘टेन्शन आहे’ म्हणून आलेल्या माणसाचं आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर बघ. सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) पट्ट्यात आहेस, तेही विसरू नको. मग टेन्शनकडं ये.

दुसरी, १९४९. अमेरिकेचे पहिले संरक्षणमंत्री जेम्स फॉरेस्टल यांनी मार्चमध्ये पद सोडलं आणि त्यांना नौदलाच्या रुग्णालयात दाखल केलं. डॉक्टरांना आतून गंभीर नैराश्य दिसत होतं. बाहेर गेलेला शब्द ‘थकवा’ या जातीचा, शारीरिक आणि नर्व्हस थकवा. २२ मे १९४९ रोजी त्याच रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला आणि तो आत्महत्येचा मानला गेला. तुमच्या अंकांत हे वर्ष असेल तर आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यांचे अंक शेजारी ठेवून वाचा. थकवा म्हटलं की भेटायला येणारा ‘आराम करा’ म्हणून निघून जातो. आमच्याकडं ‘‘काही नाई साहेब, थोडसं टेन्शन हाय’’ या वाक्यानं किती डॉक्टर असे निघून गेले असतील, आणि त्यांत मी किती वेळा असेन, हा हिशेब मी मांडायला घाबरतो. आता मी टेन्शन ऐकलं की थेट विचारतो: जगावंसं वाटत नाही असं मनात येतं का? विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही. उलट बहुतेक जण सुटल्यासारखा श्वास सोडतात.

अंक वाचताना एक फरक नेहमी करा. बातमीतला ‘नर्व्हस’ वेगळा, वैद्यकीय सदरातला वेगळा, जाहिरातीतला तिसराच. बातमीत तो मोठ्या माणसाची अब्रू राखतो. वैद्यकीय सदरात १९४५ नंतर तो हळूहळू मागं पडतो आणि ‘न्यूरोसिस’ (मनाचा विकार, पण वेड नव्हे), ‘अँग्झायटी’ (चिंता) पुढं येतात. १९५५ साली मेप्रोबमेटची गोळी बाजारात आल्यावर ‘ट्रँक्विलायझर’ (मन शांत करणारं औषध) हा शब्द अंकांत पावसासारखा कोसळतो. ३१ मार्च १९६१ च्या ‘टाइम’चा मुखपृष्ठ-विषय होता अपराधभाव आणि चिंता, मुखपृष्ठावर चित्रकार मुंकच्या चित्रातला किंचाळणारा चेहरा. तार गेली, चेहरा आला. तो अंक तुमच्या पेटीतल्या अंकांच्या जरा नंतरचा, पण कुठं मिळाला तर जपून ठेवा.

जाहिरातींचं पान मात्र जागचं हललं नाही, आणि तिथं आपण अमेरिकेच्या मुळीच मागं नव्हतो. गेल्या शतकाच्या सुरुवातीला जामनगरच्या आतंकनिग्रह या ताकदीच्या गोळ्यांची जाहिरात मराठी आणि गुजराती पत्रांत सर्रास असे. विलायती टॉनिकंही भरपूर. त्यांतल्या पुष्कळांत ग्लिसरोफॉस्फेट हा फॉस्फरसचा क्षार असे, कारण एकोणिसाव्या शतकात एका शास्त्रज्ञानं फॉस्फरसशिवाय विचार नाही असं म्हणून ठेवलं होतं आणि औषधवाल्यांनी ते बाटलीत भरलं. मराठी मासिकांत याची सांगड थेट ‘धातुदौर्बल्या’शी घातली गेली: वीर्य गेलं की मज्जा गेली, मज्जा गेली की ज्ञानतंतू गेले. तीन वेगवेगळ्या शास्त्रांचे शब्द एका जाहिरातीत जोडले की तरुण पोरगा घाबरतोच. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’मधून ही भीती खोटी असल्याचं पोटतिडकीनं लिहीत होते. मानसोपचारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी १९६० साली या भीतीला ‘धात सिंड्रोम’ नाव दिलं. हे रुग्ण मला अजून दर महिन्याला दिसतात, फक्त आता ते मोबाइलवर जाहिरात बघून येतात. १९५४ साली आपल्याकडं आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविरुद्ध कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत, ज्या आजारांवर रामबाण इलाज असल्याची जाहिरात करता येत नाही, त्यांत ‘नर्व्हस डेबिलिटी’ या नावानं नोंद आहे. म्हणजे तुमच्या आजोबांच्या रजेचं कारण त्यांच्या अर्जानंतर कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसलं. आजार म्हणून त्याची व्याख्या धड कोणी केलेली नसताना!

मग हा शब्द गेला कुठं? डॉक्टरांच्या पुस्तकांतून गेला. १९७२ साली अमेरिकेत टॉमस ईगल्टन उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते. पूर्वी तीनदा रुग्णालयात राहिल्याचं उघड झालं. त्यांनी आधी नर्व्हस थकवा सांगितला, मग विजेचे उपचार घेतल्याचं मान्य केलं, आणि उमेदवारी अठरा दिवसांत संपली. फॉरेस्टलना ज्या शब्दानं झाकलं, त्यानं तेवीस वर्षांनी ईगल्टनना झाकलं नाही. १९८० साली अमेरिकन मनोविकारांच्या यादीतून ‘न्यूरोसिस’ हा मुख्य वर्ग काढला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या यादीत न्यूरास्थेनिया एका कोपऱ्यात टिकून होता, अकराव्या यादीत तोही नाही. लोकांनी मात्र डॉक्टरांचं ऐकलं नाही. ‘आपल्याला नर्व्हस ब्रेकडाउन होणार असं कधी वाटलं का?’ हा प्रश्न अमेरिकेत १९५७, १९७६ आणि १९९६ साली पाहणीत विचारला गेला. हो म्हणणारे अनुक्रमे सुमारे १९, २१ आणि २६ टक्के. पुस्तकातून शब्द हद्दपार होत असताना लोकांत तो वाढत होता. चीनमध्ये तर ‘नर्व्हशक्ती क्षीण होणं’ हे निदान जोरात चालू राहिलं. १९८० च्या सुमारास अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी तिथले असे शंभर रुग्ण तपासले, तर त्यांतल्या बहुतेकांना नैराश्य निघालं. त्यांना ‘उदास’ हा शब्द नको होता, ‘थकलेली नर्व्ह’ चालत होती.

आपल्याकडं तेच काम ‘टेन्शन’ करतं. मी त्याच्या विरोधात नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी घरोघरी बोलून नैराश्याबद्दलची दारं उघडली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे सुरुवातीला ४.३ टक्के होते, दीड वर्षात २७.२ टक्के झाले. माझा अनुभवही तोच आहे. ‘तुम्हाला मनाचा आजार आहे’ म्हटलं की चप्पल घालून निघून जाणारा माणूस ‘लई टेन्शन झालं ना भाऊ?’ म्हटलं की खुर्चीवर बसतो. शब्द दारापर्यंत आणतो. आत आल्यावर त्याच्याच भरवशावर बसलं की गडबड होते.

आता आजोबा. हेडमास्तर होते म्हणून त्यांना ‘नर्व्हस डेबिलिटी’ मिळाली. सालदार (वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतगडी) असते तर रजा नसती, अर्जही नसता. ज्या डॉक्टरनं तो दाखला दिला त्यानं खोटं लिहिलं असं मी म्हणणार नाही. नोकरी वाचवणारा, गावात मान राखणारा आणि तपासनीसाला चालणारा शब्द त्यानं निवडला. मीही दाखल्यावर ‘अशक्तपणा’ लिहिलंय, कित्येकदा. सहा महिने न बोलणं, त्यानंतर पुन्हा शाळेत जाऊन निवृत्त होईपर्यंत नोकरी करणं, यावरून मला नैराश्याचा एक मोठा झटका आणि मग आपोआप सुधारणा असं वाटतं. असे झटके पुष्कळदा काही महिन्यांत ओसरतात, औषध नसतानाही. पण हे वाटणंच आहे. आजीनं सांगितलेलं घरात अजून कोणाला आठवत असेल तर तीन गोष्टी विचारा: पहाटे दोन-तीनला जाग येऊन पडून राहायचे का, अंग वाळलं होतं का, आणि त्याआधी किंवा नंतर कधी उलट, म्हणजे झोप न घेता भरमसाट बोलणं, पैसे उधळणं असं झालं होतं का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं तर चित्र वेगळं.

उतरतं का, हे तुम्ही हळूच विचारलंत. नैराश्य असलेल्यांच्या सख्ख्या नात्यात, म्हणजे आईवडील, भावंडं, मुलं यांत धोका इतरांच्या साधारण दोन ते तीन पट असतो. आजोबांपासून नातवापर्यंत तो बराच पातळ होतो, आणि धोका म्हणजे नशीब नव्हे. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा एक तृतीयांशाच्या जरा वर निघतो. उरलेलं कर्ज, एकटेपणा, दारू, बालपण यांत आहे. प्रश्न आजोबांबद्दल नसून तुमच्याबद्दल असेल, झोप गेली असेल, तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची बाह्यरुग्ण सेवा असते. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तिथं ‘नर्व्हस’ म्हणा, ‘टेन्शन’ म्हणा, त्यांना कळतं.

राहिली ती बाटली. तिच्याकडं तुम्ही फक्त आठवण म्हणून बघताय, मला मात्र ती अर्जाहून महत्त्वाची वाटते. त्या काळी ‘नर्व्ह शांत करणाऱ्या’ औषधांत पोटॅशियम किंवा सोडियम ब्रोमाइड सर्रास असे. ते शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. रोज घेत राहिलं की साचतं, आणि मग माणूस सुस्त होतो, बोलायचा थांबतो, गोंधळतो, कधी भास होतात, तोंडावर पुरळ उठतं. नर्व्हसाठी म्हणून दिलेलंच औषध नर्व्हचा आजार घडवायचं, आणि तो वाढला म्हणून डोस वाढायचा. बाटली उघडू नका, हुंगू नका. फाटलेल्या लेबलाचा उन्हात नीट फोटो काढा, तळाशी काचेत उठवलेली अक्षरं असतील त्यांचाही, आणि पाठवा. त्यावर ‘ब्रोम’ एवढी अक्षरं जरी सापडली, तर आजोबांबद्दल वर लिहिलेलं मला बदलावं लागेल.